कॅबिरियाला ‘पतिता’ म्हणू नका

इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ या सिनेमाबद्दल कुठेही वाचा, ‘एका पतितेची उद्धारासाठीची धडपड’ हे ठरलेलं. काल रात्री तिसऱ्यांदा पाहिला आणि या वाक्यावर परत डोकं फिरलं.

शब्दाचीही गंमत बघा. आपले संत स्वतःला पतित म्हणवून घेतात, देवाला पतितपावन म्हणतात, आणि आपण टाळ्या वाजवत ते गातो. त्याच शब्दाला एक काना लागला की तोंडं वाकडी होतात.

1957 चा सिनेमा. रोमच्या रस्त्यावर धंदा करणारी ही ठेंगणी बाई. झिजका फरचा कोट, पेन्सिलीने ओढलेल्या भुवया आणि अखंड तोंडाचा पट्टा. सुरुवातीलाच ज्याच्यावर जीव लावला तो प्रियकर तिला नदीत ढकलून पर्स घेऊन पळतो. 40,000 लिरांसाठी! पोरं तिला ओढून बाहेर काढतात, तर ही शुद्धीवर येऊन त्यांच्यावरच खेकसते. कॅबिरिया साकारणाऱ्या जुलिएटा मसीनाला या कामासाठी कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं, सिनेमाला ऑस्कर. (मसीना फेलिनीची बायको, म्हणून भूमिका मिळाली असं कोणाला वाटत असेल तर त्याने पहिली दहा मिनिटं बघावीत.)

या बाईचं स्वतःच्या मालकीचं घर आहे. उजाड माळावरचं, खोक्यासारखं, पण तिचं. पाणी, वीज, गॅस, सगळं आहे हे ती ठसक्यात सांगते. थर्मामीटरसुद्धा! मला हा सिनेमा त्या थर्मामीटरपाशी कळतो. हिला कोणी वर उचलून घ्यायची गरज नाहीये. हिला सोबत हवी आहे.

आणि उद्धार? तो प्रयत्नही होतो की. कॅबिरिया आणि तिच्या धंद्यातल्या मैत्रिणी दिव्हिनो आमोरेच्या देवळात मॅडोनाला, म्हणजे मेरीमातेला, साकडं घालायला जातात. तुफान गर्दी, मेणबत्त्या, रडारड. एक लंगडा म्हातारा चमत्काराच्या आशेने कुबड्या टाकतो आणि धाडकन पडतो. कॅबिरिया कळवळून म्हणते, माझं आयुष्य बदल. मग बाहेर गवतावर बसून खाणंपिणं चालतं, आणि ही चढलेल्या दारूत ओरडते की कोणीच बदललं नाही, आपण होतो तशाच आहोत! असा प्रसंग लिहिणाऱ्याला ‘उद्धाराची कथा’ सांगायची होती?

याउलट रात्री पोतं घेऊन फिरणारा एक माणूस आहे. शहराबाहेर बिळांत राहणाऱ्यांना खाणं, पांघरूण वाटतो. उपदेश नाही, पाप-पुण्य नाही. कॅबिरिया त्याच्याकडे बघतच राहते. हाच प्रसंग तेव्हा कापला होता, चाळीसेक वर्षांनी परत जोडला. देवळातला गोंधळ ठेवला आणि हा कापला, काय बोलणार!

शेवटी ऑस्कर नावाचा सभ्य कारकून लग्नाचं वचन देऊन तिची सगळी पुंजी घेऊन पळतो. परतीच्या वाटेवर गाणारी पोरं भेटतात, तिच्या गालावर काजळाचा काळा थेंब, हळूहळू हसू येतं आणि ती क्षणभर थेट आपल्याकडे बघते. त्या हसण्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत, आशा, कृपा, पुनर्जन्म वगैरे. हसू सुंदरच आहे, वाद नाही. पण लग्नासाठी तिने घर विकलंय हो. त्यात दुसरं बिऱ्हाड, त्यांची पोरंबाळं राहायलासुद्धा आलीत. दरवेळी पडदा काळा झाला की मी हाच विचार करत बसते, आज रात्री ही झोपणार कुठे?