न्यू रिव्हर गॉर्ज एका दिवसात का उरकू नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वेस्ट व्हर्जिनियातील न्यू रिव्हर गॉर्ज राष्ट्रीय उद्यानाच्या छोट्या कौटुंबिक सहलीविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. हे ठिकाण २०२० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा तेथे दोन मुक्काम सुचवणे ही सुट्टीची उधळपट्टी आहे. नकाशावर सगळी ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर दिसतात, म्हणून ती एका दिवसात पाहून होतात. शिवाय राफ्टिंग वगळून आणि लाँग पॉइंटची पायवाट ऐच्छिक ठेवून मी मुलांची सहल आजी-आजोबांची करून टाकली आहे. मी सुचवलेला आराखडा मला अजूनही योग्य वाटतो, आणि आपण स्वतः सहकुटुंब तेथे जाणार आहात म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडते.

तो लेख मी ज्यांच्यासाठी लिहिला, ती कुटुंबे आपल्या पुण्यात घरोघरी आहेत. कोथरूड-औंधातून लेकीकडे किंवा मुलाकडे काही महिन्यांसाठी गेलेले आई-वडील, सोमवारची सुट्टी जोडून मिळालेले तीन दिवस, वॉशिंग्टनच्या परिसरातून पाच-साडेपाच तासांचा गाडीचा प्रवास आणि मागच्या सीटवर दोन नातवंडे, असा तो हिशोब असतो. या हिशोबात दोन मुक्काम म्हणजे प्रत्यक्ष हाती येणारा एक पूर्ण दिवस आणि दोन अर्धे दिवस. त्याला उधळपट्टी म्हणता येईल असे मला वाटत नाही.

‘२०२०’ या आकड्यावर आपण फार भर दिला आहे. या नदीला ‘राष्ट्रीय नदी’ म्हणून १९७८ मध्येच संरक्षण मिळाले होते. डिसेंबर २०२० मध्ये तिचा दर्जा बदलून ‘राष्ट्रीय उद्यान आणि राखीव क्षेत्र’ असा करण्यात आला. हिंटनपासून हॉक्स नेस्टपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर लांबीची नदी आणि दोन्ही काठांवरची ७० हजार एकरांहून अधिक जमीन त्यात येते. दर्जा नवा असला तरी दरी पाहायला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही.

खरा प्रश्न अंतरांचा आहे, आणि तेथेच आपल्या बेताची गफलत होईल अशी मला काळजी वाटते. सपाट प्रदेशातील उद्यानात नकाशावरचे अंतर पाहून वेळेचा अंदाज बांधता येतो. दरीत ते जमत नाही. ग्रँडव्ह्यू येथील कठड्यापाशी उभे राहिले की नदी थेट १,४०० फूट खाली दिसते, तिचे घोड्याच्या नालेसारखे वळण दिसते, काठाने जाणाऱ्या मालगाडीचा आवाजही वर येतो. पण त्या पाण्यापाशी गाडीने जायचे तर डोंगराला लांबचा वळसा घालावा लागतो. गाडीने नदी ओलांडता येईल अशा जागा मोजक्याच आहेत. सँडस्टोन धबधब्याचेच उदाहरण घ्या. २० क्रमांकाच्या रस्त्यावरून तो वरून दिसतो, मात्र त्याच्या लाकडी पुलवाटेवर जाण्यासाठी पुढे हिंटन गावात जाऊन, तेथे नदी ओलांडून, पलीकडच्या काठाने पुन्हा तेवढेच मागे यावे लागते. दरीवरच्या मोठ्या पुलाजवळ उद्यानाचे कॅनियन रिम हे माहिती केंद्र आहे, त्यापासून तेथवर पोहोचायला सव्वा ते दीड तास सहज जातो. आपल्या यादीतले थर्मंड हे कोळशाच्या भरभराटीच्या काळातले रेल्वेगाव आज जवळजवळ ओस पडलेले आहे, २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी ५ होती, आणि तिकडे जाणारा रस्ता इतका अरुंद आहे की समोरून गाडी आली तर थांबून वाट द्यावी लागते. एका दिवसात हे सगळे बसवले तर दिवसाचा बहुतेक भाग मुले गाडीतच बसून राहतील.

म्हणून मी असे सुचवले की पहिले दीड दिवस फक्त पुलाच्या बाजूला द्यावे आणि ग्रँडव्ह्यू किंवा सँडस्टोन यांपैकी एकच ठिकाण परतीच्या दिवसासाठी ठेवावे, कारण ही दोन्ही ठिकाणे वॉशिंग्टनकडे परतताना लागणाऱ्या ६४ क्रमांकाच्या महामार्गापासून जवळ पडतात. जाताना मात्र हा महामार्ग सॅम ब्लॅक चर्चपाशी सोडून ६० क्रमांकाच्या जुन्या रस्त्याने पुलाकडे यावे. त्याला वळणे बरीच आहेत, पण त्यामुळे तोच तो रस्ता दोनदा करावा लागत नाही.

पुलाच्या बाजूला एवढा वेळ कशाला, असे आपण विचारले आहे. हा पूल १९७७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. नदीपासून त्याची उंची ८७६ फूट आहे, आणि १,७०० फुटांची त्याची पोलादी कमान २००३ पर्यंत जगातील सर्वांत लांब कमान होती. गाडीने तो ओलांडायला एक मिनिटही लागत नाही, आणि ओलांडताना काहीही कळत नाही, इतका तो साध्या महामार्गासारखा वाटतो. पूल खऱ्या अर्थाने पाहायचा असेल, तर फेयेट स्टेशनच्या जुन्या रस्त्याने खाली उतरलेच पाहिजे. पूल होण्यापूर्वी दरी ओलांडायला याच रस्त्याने सुमारे चाळीस मिनिटे लागत असत. वरंधा घाटात गाडी चालवलेल्या माणसाला त्याची वळणे नवी वाटणार नाहीत, फक्त हा रस्ता काही भागात एकेरी आहे आणि झाडी अगदी अंगावर येते. तळाशी नदीवर एक छोटा पूल आहे, त्याच्या आसपास गाडी लावून वर पाहावे. कमानीचे पोलाद गंजल्यासारखे तपकिरी दिसते. तो रंग मुद्दाम तसाच ठेवलेला आहे, कारण या विशिष्ट पोलादावर पृष्ठभागापुरता गंजाचा घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो, त्यामुळे पुलाला रंग द्यावा लागत नाही. मुलांना हे खाली उभे राहून दाखवावे. त्यांचे प्रश्न संपत नाहीत, आणि संपू देऊही नयेत. उद्यानाने या रस्त्यासाठी ध्वनिमुद्रित माहिती तयार केलेली आहे, ती ऐकत सावकाश उतरले तर अर्धी सकाळ सत्कारणी लागते.

राफ्टिंग मी भीतीपोटी वगळलेले नाही. कोलाडला कुंडलिकेवर वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात आपण मुलांना नेले आहे, तेव्हा येथे काय अडचण, असे आपण लिहिता. न्यू रिव्हरचा वरचा टप्पा तुलनेने शांत आहे आणि तो कुटुंबांना जमतो. क्युनार्डपासून फेयेट स्टेशनपर्यंतचा खालचा टप्पा मात्र खऱ्या अर्थाने खवळलेल्या पाण्याचा आहे, आणि तेथे व्यावसायिक मंडळी साधारणपणे बारा वर्षांच्या आसपासची वयोमर्यादा पाळतात. आपली धाकटी कन्या आठ वर्षांची आहे असे आपणच कळवले आहे, तेव्हा राफ्टिंग करायचेच असेल तर वरच्या टप्प्याची अर्ध्या दिवसाची फेरी आधी आरक्षित करावी आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. काठावरून शांत दिसणाऱ्या पाण्यात मुलांना लाइफ जॅकेटशिवाय उतरू देऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. या नदीचा प्रवाह पृष्ठभागावरून ओळखता येत नाही.

लाँग पॉइंटची पायवाट एका बाजूने सुमारे अडीच किलोमीटर आहे. बरीचशी वाट सोपी आहे, शेवटचा तुकडा तीव्र उताराचा आहे आणि टोकाच्या खडकावर कठडा नाही. पूल समोरून संपूर्ण दिसतो असे ते ठिकाण आहे, त्यामुळे आई-बाबांनी थोरल्या मुलाला घेऊन जरूर जावे. तोवर आजी-आजोबा आणि धाकटी कॅनियन रिम केंद्रापाशी थांबू शकतात. तेथे वरचा सज्जा पायऱ्यांशिवाय गाठता येतो. खालच्या सज्जासाठी मात्र १७८ पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात, हे आधी सांगून ठेवावे, कारण उतरताना परत चढायचे आहे हे लक्षात येत नाही. आजी-आजोबांच्या चालीने बेत आखला तर मुलांचे नुकसान होते, हे आपले म्हणणे मला पटत नाही. सँडस्टोन येथे धबधब्याची रुंदी सुमारे १,५०० फूट आहे, उंची जेमतेम दहा ते पंचवीस फूट, आणि लाकडी वाट सपाट असल्यामुळे आजोबांचा हात धरून नातू चालतो, दोघेही एकाच वेगाने. ज्या सहलीत तीन पिढ्या एकत्र येतात तिच्यात हे मिळावे, म्हणूनच तर हा आराखडा.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. दरीत फोनला रेंज भरवशाची नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. शाकाहारी मंडळींनी दशम्या, चटणी आणि भरपूर फळे बरोबर ठेवावीत.

आता आपल्या तारखेविषयी. आपण निवडलेल्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी तेथे ‘ब्रिज डे’ असतो. त्या दिवशी पूल वाहनांसाठी बंद ठेवून लोकांना चालण्यासाठी खुला करतात, पुलावरून पॅराशूट घेऊन उड्या मारणारे येतात आणि गर्दी प्रचंड होते. आपल्याला तो उत्सवच पाहायचा असेल, तर खोली आजच आरक्षित करावी आणि त्या शनिवारी दुसरे काहीही ठरवू नये. दरी पाहायची असेल, तर सहल एक आठवडा पुढे ढकलावी. तेव्हा पानांचे रंगही साधारणपणे चांगले उतरलेले असतात आणि फेयेट स्टेशनच्या रस्त्यावर हवे तेथे थांबता येते.