दादरला भेटू, पण कुठल्या एक नंबरवर?
ऑनलाइन ओळखीच्या माणसांना प्रत्यक्ष भेटण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, ज्यांना नुसत्या नावाने ओळखतो त्यांना पहिल्यांदा भेटताना धाकधूक होते. आम्हाला तेवढी सवडच मिळाली नाही! आमचा बाल्कनीतल्या झाडांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. भेट ठरली 'दादर, एक नंबर'ला. पूर्वी दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेचे वेगवेगळे एक नंबर फलाट होते; डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झालेत, हे डोंबिवलीच्या काकांच्या गावीही नव्हतं. ते जुन्या एकवर, म्हणजे आठवर. आम्ही पश्चिम रेल्वेच्या एकवर. पाऊण तास फोनाफोनी. शेवटी पुलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली ब्रह्मकमळाची पानं दिसली आणि ओळख पटली. ग्रुपवर भांडखोर वाटणारे काका इतकं हळू बोलतात की शिवाजी पार्कापर्यंत मी नुसती 'काय?' 'काय?' करत होते. पान मात्र रुजलंय हं, दोन फुटवे आलेत.