‘आमचे जुने मेंबर’

आज सकाळी गाडीत उभ्याउभ्याच फोन उघडला, तर आमच्या बेंजो पार्टीत (गणपतीत, लग्नात वाजवतो आम्ही) कच्ची ढोल वाजवणाऱ्याने एक स्क्रीनशॉट पाठवलेला. खाली फक्त एक शिवी. बघितला आणि डोकंच फिरलं. ठाण्यापासून दादरपर्यंत मनातल्या मनात शिव्या देत होतो, पण ओठही हलत असणार, कारण शेजारचा माणूस बॅग उचलून पलीकडे सरकला.

स्क्रीनशॉट यूट्यूबचा. व्हिडिओ आमचा, २०१७ च्या गणपती आगमनाचा, लालबागच्या पुलाखालचा. वर नाव मात्र आमच्या पार्टीचं नाही. जो पोरगा गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीनंतर आम्हाला सोडून गेला, त्याच्या नव्या बेंजो पार्टीचं. लोगोही त्यांचाच. खाली कुणीतरी विचारलंय, "दादा, बेंजोवर कोण आहेत? हात आहे का मशीन?" आणि चॅनेलवरून उत्तर आलंय, "आमचे जुने मेंबर." पुढे हात जोडलेले.

जुने मेंबर!

अरे, मास्तर होते ते. संपाआधी गिरणीत बदली कामगार, आणि १९८२ नंतर गिरणी गेली ती गेलीच, तेव्हा त्या बेंजोवर, बटणं दाबून वाजवायच्या त्या तारांच्या वाद्यावर, घर चालवलेला माणूस. बटणांची खटखट माइकमध्ये येऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून स्वतः आतून चिकटवायचे. पोरांना मारायचे नाहीत, नुसते वाजवायचे थांबायचे. ते थांबले की अख्ख्या पार्टीला कळायचं, कुणीतरी ताल सोडलाय. २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, खांद्याला माणसं मिळत नव्हती तेव्हा. तुझी पार्टी जन्माला यायच्या कितीतरी आधी. आणि ते तुमचे जुने मेंबर?

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा पोरगा आमचा पॅडवाला, काडीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर बसायचा. दहावी नापास होऊन आला तेव्हा त्याला कुणी झांजही देत नव्हतं. मास्तरांनी शेजारी बसवून घेतला. २०१६ साली जिओ फुकट झालं आणि यानेच म्हटलं, आपण चॅनेल काढू या. आम्ही सगळे चाळीच्या गच्चीवर बसलेलो. कुणी म्हणालं काढ. कुणी म्हणालं, इंटरनेटचं तूच बघ बाबा, आम्हाला काय कळतंय. मीच म्हणालो असेन बहुतेक. त्याने तिथेच बसून स्वतःच्या जीमेलवर चॅनेल काढलं. त्या रात्री एकाही शहाण्याने विचारलं नाही की हे कुणाच्या नावावर होतंय. ढोल घेताना पावती कुणाच्या नावावर करायची यावरून आम्ही दोन तास भांडलो होतो. जनरेटरच्या पावतीवरून तर तीन महिने दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पण चॅनेल? ते काय, मोबाइलमधलं.

आता त्या मोबाइलमधल्या चॅनेलला एक्केचाळीस हजार लोक आहेत आणि आमच्याकडे त्याची किल्ली नाही.

तो व्हिडिओ कसा निघाला ते सांगतो. वर्कशॉपमधून मूर्ती निघाली आणि पाऊस आला. साधा नाही, ऑगस्टचा. आम्ही कसेबसे पुलाखाली पोचलो. तिथे आवाज घुमतो, ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. मास्तरांनी बेंजोवरचा प्लॅस्टिकचा कागद बाजूला केला आणि कुणाला न विचारता सुरू केलं. पुलाच्या सांध्यातून पाणी गळत होतं म्हणून मी बेंजोवर छत्री धरून उभा. व्हिडिओत मी एवढाच आहे, एक मनगट आणि छत्रीचा दांडा. आणि हा पोरगा, पॅड दुसऱ्याच्या हवाली करून, दुधाच्या पिशवीला भोक पाडून त्यात फोन घालून, डिव्हायडरवर चढला. अकरा मिनिटं हात वर. मागून लोक ढकलताहेत, खाली शेवाळ, पण उतरला नाही.

म्हणजे आता मला सांगा, तो व्हिडिओ कुणाचा?

दुपारी आमच्या ग्रुपवर ठरलं, सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारायचे. तीन स्ट्राइक (कॉपीराइटच्या तक्रारीवर यूट्यूब ठेवतं तो ठपका) नव्वद दिवसांत बसले की चॅनेल उडतं, कुणाच्या तरी भाच्याने सांगितलं. पोरं पेटलेली. मी विचारलं, कशावर स्ट्राइक मारणार? गाणं आपलं आहे? सिनेमाचं आहे. कॅसेट कंपनी आली तर आधी आपल्यालाच धरेल. व्हिडिओ आपण काढला? त्याने काढला. आपण वाजवलं, एवढं खरं, आणि वाजवणाऱ्याचा हक्क कायद्यात आहे, कॉपीराइट कायद्याचं ३८ वं कलम, पन्नास वर्षं टिकतो, हे एका वकील मित्राने मला समजावून सांगितलंय. पण तो पुढे हेही म्हणाला की तो हक्क ज्याने वाजवलं त्याचा, पार्टीचा नव्हे. म्हणजे मास्तरांचा. म्हणजे आता मास्तरांच्या बायकोचा आणि मुलीचा. आपल्यापैकी किती जण गेल्या दोन वर्षांत वहिनींकडे जाऊन आले? ग्रुपवर एकदम शांतता. मग कुणीतरी गुड आफ्टरनूनचं फूल टाकलं.

त्याच वकिलाने सांगितलं, नावाची ट्रेडमार्क नोंदणी करा, एका माणसाच्या नावाने ऑनलाइन केली तर सरकारी फी साडेचार हजार, दहा वर्षं चिंता नाही. साडेचार हजार! आम्ही दरवर्षी टी-शर्टवर याच्या कितीतरी पट घालवतो. आणि नोंदणी करायची म्हटल्यावर पहिला प्रश्न काय आला? कुणाच्या नावावर. म्हणजे फिरून गच्चीवरच.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो, आणि आमच्याच लोकांना राग येणार आहे, येऊ दे.

हा पोरगा सोडून गेला त्या रात्री आपण काय केलं? व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढला, ठीक आहे, ते सगळेच करतात. पण फेसबुक पेजवर फुल अॅक्सेस माझ्या पुतण्याकडे आणि या पोराकडे, दोघांकडे होता. पुतण्याने रात्री दीड वाजता त्याला काढलं. सकाळी मला अभिमानाने सांगितलं, काका, त्याने आपल्याला काढायच्या आत मी त्याला काढलं. मी पाठ थोपटली. हो, मी. मग पुतण्याने दोन दिवस बसून पेजवरचे जुने फोटो कापले. २०१९ च्या विसर्जनाचा एक फोटो आहे, त्यात याचा पॅडचा सोलो चाललेला. त्यातून त्याला कापला, पण कापताना त्याचा डावा हात राहिला. काडी धरलेला हात, फोटोच्या कडेला, खांद्यापासून तुटलेला. आजही पेजवर आहे. लोक लाइक करतात. एकानेही विचारलं नाही की हा हात कुणाचा.

त्याने चॅनेलचं नाव बदललं ते आपण कापलेले फोटो टाकल्यानंतर. आधी नाही. तारखा बघा.

मला माहीत आहे, लगेच म्हणणार, दादा तू त्याची बाजू घेतोस. बाजू कसली घेतोय? त्याने जे केलं ते साफ चूक आहे. चॅनेलवरचा फोन नंबर बदलून स्वतःचा टाकला. उरणकडची एक हळदीची सुपारी, म्हणजे वाजवायचं काम, आपला व्हिडिओ बघून त्याच्याकडे गेली, आणि त्या लोकांनी त्याला विचारलं म्हणे, "ते बेंजोवाले काका येणार ना?" यावर हा काय बोलला असेल? काहीतरी बोलला असेलच ना, कारण सुपारी घेतली. माझा खरा संताप तिथे आहे. पैसे गेले त्याचं नाही. मेलेल्या माणसाच्या हातावर सुपारी घ्यायची आणि विचारलं की जुने मेंबर.

(आपल्या बॅनरवरही मास्तरांचा फोटो आहे. "प्रेरणास्थान" लिहून. नाही म्हणत नाही.)

पूर्वी हे सगळं सोपं होतं असं म्हणणाऱ्यांना मी हसतो. तमाशाचे फड काय आज फुटायला लागले? पण त्यांच्याकडे निदान एक शब्द होता, "सह". रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. पाटीवर दोघांची नावं, कोण कोणाबरोबर ते गावाला वाचता यायचं. आपल्याकडे सह नाहीच. एक तर सगळं माझं, नाहीतर तू कधी नव्हतासच.

आणि हे फक्त आपल्या परळ-लालबागचं दुखणं नाही. पुतण्यानेच मला त्या पिंक फ्लॉइडचं, लंडनच्या जुन्या रॉक बँडचं, सांगितलं. रॉजर वॉटर्स १९८५ ला बाहेर पडला, पुढच्या वर्षी नावावरून कोर्टात गेला, १९८७ ला तडजोड झाली, उरलेल्यांनी नाव ठेवलं. एवढी मोठी माणसं, एवढे वकील. आणि २०२० साली तोच वॉटर्स व्हिडिओ टाकून तक्रार करतोय की बँडच्या वेबसाइटवर मला जागा देत नाहीत, माझं नवीन काम तिथे टाकत नाहीत. सत्तरी ओलांडलेला म्हातारा! ऐकून मला आधी हसू आलं, मग नाही आलं. मी म्हटलं पुतण्याला, बघ, लंडनवाल्यांचंही पेज कुणीतरी चालवतोच, आणि रात्री दीड वाजता तिकडेही कुणीतरी जागा असणार.

तर माझं म्हणणं असं आहे. चॅनेल त्याच्याकडे राहू दे. हो, राहू दे. त्याच्या जीमेलवर, त्याच्या फोनवर, त्याच्या रिचार्जवर झालंय. आठ वर्षांत आपण त्याला रिचार्जचे पैसे दिले का? एकदाही नाही. त्याला बिदागी मिळायची ती पॅडची. रात्री तीनला घरी जाऊन व्हिडिओ चढवायची वेगळी नाही मिळायची. पण जुन्या व्हिडिओंवर जुनं नाव परत यायला हवं. ज्या दिवशी ज्या पार्टीने वाजवलं तिचं नाव, आणि बेंजोवर मास्तर, त्यांच्या पूर्ण नावासह. नव्या पार्टीचं नाव नव्या व्हिडिओंना. आणि फोन नंबर लावायचा तर जुन्या व्हिडिओखाली दोन्ही लावायचे, गिऱ्हाईक ठरवेल. आपणही पेजवर त्याचा चेहरा परत लावायचा. कापलेले मूळ फोटो पुतण्याकडे आहेत, मी विचारलंय. आहेत म्हणून तो नाइलाजाने म्हणाला.

आपलं नवीन चॅनेल काढायचं तर ते पार्टीच्या नावाचं, ब्रँड अकाउंटवर (एकापेक्षा जास्त जणांना चालवता येतं असं खातं), दोन मालक, त्यातला एक तरी न वाजवणारा. नवीन माणसाला मालक केलं की मुख्य मालक व्हायला सात दिवस थांबावं लागतं म्हणे. तेवढ्या सात दिवसांत आपल्यात नवीन भांडण झालं नाही म्हणजे मिळवली.

ग्रुपवर हे लिहिलं तर ढोलवाल्याने लिहिलं, "दादा, तुझा धंदा नाही हा, तुला नोकरी आहे, म्हणून तुला सुचतंय." बरोबर आहे त्याचं. मला पगार येतो. त्याचं गणपतीच्या दहा दिवसांवर आणि लग्नसराईवर वर्ष चालतं, आणि सुपारी आता चॅनेल बघूनच येते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीपण रिपोर्ट मारायला मी बोट लावणार नाही. व्हिडिओ उडाला तर मास्तरही उडतात त्याच्याबरोबर. तो सोडून त्यांचा एक धड व्हिडिओ आपल्याकडे आहे का कुणाकडे? दाखवा.

जेवायच्या सुट्टीत मी इअरफोन लावून अख्खी अकरा मिनिटं बघितला. किती वर्षांनी. लोगो वगैरे विसरायला झालं. सातव्या मिनिटाला मागून याचाच आवाज येतो, बारीक, तेव्हा आवाज नुकता फुटलेला होता, "मास्तर, इकडे!" मास्तर मान वर करतात. हात थांबत नाहीत. तोंडात पान, तसेच हसतात, आणि माझी छत्री हलते, कारण मीही वळून बघितलं असणार. मग चित्र एकदम खाली जातं. रस्ता, पाणी, कुणाची तरी चप्पल तरंगतेय. हात भरून आला असेल पोराचा. दोन-तीन सेकंद. मग परत वर.

हे मी तेव्हा शंभरदा बघितलंय, पण चित्र खाली का जातं याचा विचार आजच केला.

चारला त्याला फोन लावला. गेल्या वर्षीनंतर पहिल्यांदा. त्याने कट केला. मी म्हटलं संपलं. पाच मिनिटांनी मेसेज आला: "प्रॅक्टिसला आहे दादा, रात्री करतो."

आता साडेनऊ झालेत. अजून आलेला नाही. जागा आहे मी.