आधी यादी दाखवा

अमेरिकेतल्या मास शूटिंगवरून, म्हणजे एकाच वेळी अनेकांवर होणाऱ्या गोळीबारांवरून, गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर दोन तक्ते फिरले. एकाचं म्हणणं, गोळ्या झाडणारे सगळे गोरे पुरुष. दुसऱ्याचं, छे, बहुतेक काळेच. मग दोन्हीकडची मंडळी एकमेकांना खोटारडं ठरवून मोकळी झाली. गंमत म्हणजे आकडे कोणीच घरी बनवले नव्हते. मोजणी वेगळी होती.

‘मदर जोन्स’ या अमेरिकी मासिकाच्या यादीत फक्त सार्वजनिक जागी, दिसेल त्याला टिपणारे येतात. टोळ्यांची भांडणं, दरोडे, घरातले खून वगळलेले. वर्षाला फार तर दहा-बारा घटना. ‘गन व्हायोलन्स आर्काइव्ह’ ही बंदुकीच्या हिंसेच्या नोंदी ठेवणारी संस्था मात्र हल्लेखोर सोडून चार जणांना गोळी लागली की नोंद करते, मग कोणी मरो न मरो. २०२१, २०२२, २०२३, तिन्ही वर्षी त्यांचा आकडा ६०० च्या वर. पहिल्या यादीतल्या हल्लेखोरांत गोरे निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे लोकसंख्येतल्या वाट्याच्या आसपासच. दुसरीत गल्लीतलं वैर, पार्टीतली बाचाबाची सगळं येतं, म्हणून गरीब काळ्या वस्त्या भरून येतात. ज्याला जो दोषी हवा, त्याने तशी यादी उचलायची.

आणि या भांडणात खरा ढीग दिसतच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या, त्याही बहुतांशी गोऱ्या पुरुषांच्या. कुठलीही मोजणी धरा, मास शूटिंगचे बळी यात शेकडा दोनसुद्धा भरत नाहीत.

खुनांचं बोलायचं तर काळ्यांची लोकसंख्या शेकडा १३-१४ आणि खून झालेल्यांत ते निम्म्याहून जास्त. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावर ठरलेलं वाक्य येतं, ‘काळेच काळ्यांना मारतात.’ अहो, गोऱ्यांनाही बहुतेक गोरेच मारतात! माणूस मरतो तो ओळखीच्याच्या, शेजारच्याच्या हातून, आणि तिथल्या वस्त्या आजही रंगाप्रमाणे वाटलेल्या आहेत. त्या आपोआप तशा झाल्या नाहीत. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या गेल्या आणि घरकर्जाची दारं बंद झाली. त्यात भर म्हणजे २०२१-२२ मध्ये देशभरातल्या जवळपास निम्म्या खुनांचा छडाच लागला नाही. भावाला मारणारा समोरच्या कोपऱ्यावर मोकळा उभा असेल, तर पोरगं पोलिसांकडे जाईल की बंदुकीकडे?

आपली मंडळी यात तटस्थ असतात असं समजू नका. बातमी आली की ‘किती गेले’च्या आधी ‘कोण होता’ हा प्रश्न. मुसलमान निघाला तर दहशतवाद, काळा निघाला तर ‘त्यांच्यात हे चालतंच’, गोरा निघाला तर डोक्यावर परिणाम झालेला. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला १७ जून २०१५ ला एक २१ वर्षांचा गोरा मुलगा काळ्यांच्या चर्चमध्ये बायबलवाचनाला आला. लोकांनी त्याला बसायला जागा दिली. तासभर त्यांच्यात बसून त्याने नऊ जणांना मारलं, आणि का मारलं हे स्वतःच वंशाचं नाव घेऊन सांगितलं. तरी ‘बिचाऱ्याला मानसिक त्रास असेल’ म्हणणारे आपल्यातही भेटले.

२०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात गोऱ्या वर्चस्ववाद्याने शिखांना मारलं. २०१७ मध्ये कॅन्सासच्या ओलेथमध्ये एका बारमध्ये हैदराबादकडच्या इंजिनिअरला ‘माझ्या देशातून चालता हो’ म्हणत गोळ्या घातल्या. मारणाऱ्याला तो इराणी वाटला होता. तेव्हा सल्ले फिरले, बाहेर मोठ्याने आपल्या भाषेत बोलू नका. आणि दोन्ही वेळा हळहळ कशाची, तर आपल्याला ‘चुकून’ दुसरं कोणी समजले याची. तिथे खरोखरच कोणी इराणी बसलेला असता तर आपल्या ग्रुपवर काय लिहिलं गेलं असतं, याचा अंदाज मला आहे.