बावन्न वजा अडतीस

52 – 38 = 26.

ही चूक मी जून ते नोव्हेंबर किती वेळा तपासली, त्याची मोजदाद नाही. आकडे बदलायचे, चूक तीच. 71 वजा 45, उत्तर 34. 60 वजा 27, उत्तर 47. नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या आमच्या शाळेतली पाचवीची मुलगी. मी दर वेळी लाल पेनाने फुली मारली, शेजारी बरोबर उत्तर लिहिलं, फळ्यावर हातचा परत समजावला. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच लिहून आणायची. शिक्षक खोलीत मी एकदा म्हणूनही टाकलं की हिचं लक्षच नसतं. ते वाक्य आज मला खुपतंय.

डिसेंबरात सहल गेली. पैसे न भरलेली बारा मुलं वर्गात राहिली, त्यात ही होती. त्या दिवशी पोर्शन संपवायचा नव्हता, घंटेची घाई नव्हती. मी तिच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हटलं, "हे कसं केलंस, मला सांग ना." आधी तिला वाटलं मी रागावलेय. मग हळूच म्हणाली, "बाई, मोठ्यातून लहान वजा करायची. आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन."

"असं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. फळ्यावर लिवलं होतं."

खरंच लिहिलं होतं. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करतात, हे वाक्य आपण सगळेच प्राथमिकचे शिक्षक म्हणतो. दुसरीपासून पोरांनी ते ऐकलेलं असतं. तिने ते प्रत्येक घराला लावलं होतं, एककाला वेगळं आणि दशकाला वेगळं. वरचा अंक लहान असला की खालच्यातून वरचा काढायचा. सहा महिने ती माझा नियम मनापासून पाळत होती आणि मी तिला फुल्या मारत होते.

तिची आई संध्याकाळी स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसते, शाळा सुटली की ही तिथेच असते. म्हणून सहज विचारलं, "अडतीसची भाजी झाली आणि गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली, तर परत किती देशील?"

"बारा." माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

"कसे गं?"

"अडतीसला दोन दिले का चाळीस, आन् वर धा."

मग तेच कागदावर मांडायला सांगितलं. 50 वजा 38. तिने 28 लिहिलं. मी विचारलं, "मग गिऱ्हाइकाला अठ्ठावीस परत द्यायचे का?" ती त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. "नाय बाई, आईचं नुकसान होईल." आणि स्वतःहून खोडरबर घेतलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं होतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं अवघड हिशेब तोंडी बिनचूक करतात, पण तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने मांडली की अडखळतात. उलट शाळेत शिकणाऱ्या आणि बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब नीट जमत नाहीत. हे मी वाचलं होतं, एका ग्रुपवर पुढे पाठवलंही होतं. पण तशीच मुलगी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसलीय, हे मला कळायला सहलीचा दिवस यावा लागला.

जानेवारीभर आम्ही दहाच्या खोट्या नोटा आणि सुटे रुपये घेऊन बसलो. ती एकटीच नव्हती, तशी नऊ मुलं निघाली. दहाची नोट मोडून सुटे घेणं म्हणजेच हातचा, हे हाताने केल्यावर त्यांना दिसलं. तिला मात्र तिचीच रीत जवळची वाटत होती, अडतीसवरून पुढे मोजत जायची. मी ती वहीत तशीच लिहू दिली. आधी तिच्या रीतीने उत्तर काढायचं, मग उभ्या मांडणीने, आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस तिने मलाच थांबवलं. फळ्यावर घाईत माझं एक उत्तर चुकलं होतं आणि ते तिने पडताळून पाहिलं होतं. वर्गात इतकी वर्षं काढली, पण त्या दिवसाइतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल.

वार्षिक परीक्षेत तिला गणितात 50 पैकी 21 मिळाले. 2023 मध्ये नियम बदलल्यापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं, नाहीतर फेरपरीक्षा आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. त्यामुळे 21 म्हणजे सुटका, असंच घरचे म्हणणार, आणि ते बरोबरच आहे. पण 21 या आकड्यात डिसेंबर ते एप्रिल कुठेच दिसत नाही. तो दिसू शकतो अशी जागा एकच, वर्णनात्मक नोंद, म्हणजे गुणांसोबत प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने शब्दांत लिहायचं ते. आणि त्या जागेचं आपण काय केलंय, हे सांगायलाच आज लिहायला बसले.

एप्रिल आला की तयार नोंदींच्या पीडीएफ फिरायला लागतात. विषयवार, इयत्तावार. 'मूलभूत क्रिया अचूक करते.' 'प्रकट वाचन स्पष्ट आवाजात करतो.' 'नियमित उपस्थित राहते.' मीही वर्षानुवर्षं त्यातूनच उतरवलंय. कारण वेळ नसतो, हे खोटं नाही. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर 25 एप्रिलपर्यंत चालल्या आणि 1 मेला निकाल द्यायचा होता. मधल्या दिवसांत पेपर तपासा, गुण भरा, ऑनलाइन माहिती भरा आणि 43 मुलांच्या नोंदी लिहा. आमचे एक सर मनाने फार चांगले आहेत, तेही म्हणाले, "मॅडम, कोण वाचतं त्या नोंदी?" मला त्यांचा राग आला नाही. इतकी वर्षं कोणी वाचल्या नाहीत म्हणूनच ते तसं म्हणाले.

पण 2010 मध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा कल्पना किती चांगली होती ते आठवा. पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे वर्षभर मुलाला बघण्यावर. सातवी-आठवीलासुद्धा 40 टक्के. त्या बघण्याचा पुरावा म्हणजे नोंद. ती तयार छापून आली, तर बघितलं कोणी?

यंदा मी नोंदी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या ठरवल्या. बऱ्याच जमल्या. एक छेद तीनपेक्षा एक छेद चार मोठा म्हणणारा मुलगा 'पाव किलो की अर्धा किलो' विचारल्यावर कसा स्वतःच सावरला, ते लिहिलं. मग एका मुलाशी पेन अडलं. शांत, त्रास न देणारा, रोज येणारा. त्याच्याबद्दल माझ्याकडे एकही गोष्ट नव्हती. जूनमध्ये तो काय करू शकत होता आणि आता काय करू शकतो, मला सांगता येईना. दहा महिने तो माझ्यासमोर बसला होता. शेवटी त्याच्यासाठी पीडीएफ उघडावी लागली, आणि ते करताना फार वाईट वाटलं.

म्हणून जूनपासून एक साधी वही करतेय. रोज दोन मुलं, प्रत्येकाजवळ बसून एकच प्रश्न: हे कसं केलंस? उत्तर बरोबर असलं तरीही विचारायचं. 43 मुलांची एक फेरी 22 दिवसांत होते. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, शिक्षकांना एप्रिलच्या शेवटी नाही तर महिन्याला एक तास या वहीसाठी द्या. आणि सहकाऱ्यांनो, ती पीडीएफ पुढे पाठवणं यंदा थांबवून बघू या का?

निकालाच्या दिवशी सहावीच्या बाईंना मी त्या मुलीबद्दलची माझी पानं दिली, तिची रीत, नोटा, सगळं. त्यांनी उभ्या उभ्याच मन लावून वाचलं आणि विचारलं, "आणि ही भागाकार कसा करते हो?"

ते मी तिला विचारलंच नव्हतं.