कोजागिरीचा लांडगा

आमच्या सोसायटीच्या रजिस्टरमध्ये माझं नाव आजवर दोनदाच आलं होतं, एकदा मेंटेनन्स थकला म्हणून आणि एकदा गाडी दुसऱ्याच्या पार्किंगला लावली म्हणून. परवाच्या रविवारी तिसऱ्यांदा आलं. ठराव क्रमांक चार: पुढील वर्षी कोजागिरीस चित्रपट दाखवावयाचा झाल्यास निवडीचे काम श्री. (म्हणजे मी) यांचेकडे देऊ नये. सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते म्हणजे त्यात आमची बायको पण आली. तिने हात वर केलेला मी या डोळ्यांनी बघितला. ती म्हणते डास हाकलत होते.

झालं असं की दरवर्षी गच्चीवर भेंड्या होतात, त्या भेंड्यांत 'ह' आला की दरवर्षी तेच एक गाणं, तेच बेसूर, त्याचा पोरांना कंटाळा आला आणि पिक्चर लावा म्हणाली. लावा म्हणायला सगळे, करायला कोण, तर 'तुम्हाला त्यातलं कळतं'. हे वाक्य ऐकलं की माणसाने उठून सरळ घरी जावं. मी नाही गेलो. उलट प्रोजेक्टर भाड्याने आणला, बाराशे रुपये खिशातून भरले (हे बाराशे लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत), आणि पडदा म्हणून आमची डबलची पांढरी चादर बांधली. पांढरी म्हणजे आम्ही तिला पांढरी म्हणतो, तिच्यावर फिकट गुलाब आहेत हे प्रोजेक्टरचा लाईट पडल्यावर सगळ्या सांगलीला कळलं.

पिक्चर निवडला 'डॉग सोल्जर्स'. 2002 चा, ब्रिटिश, नील मार्शल नावाच्या माणसाचा पहिलाच. स्कॉटलंडच्या डोंगरात सरावाला गेलेली मूठभर सैनिकांची तुकडी, पौर्णिमेची रात्र, जंगलात एकटं घर, आणि बाहेर माणसांचे झालेले लांडगे. गोष्ट संपली. खिशात पैसे नव्हते म्हणून स्कॉटलंड बहुतेक लक्झेंबर्गमध्येच उभं केलं होतं. हॉस्टेलला असताना आम्ही आठ जणांनी एका कॉटवर बसून हा मित्राच्या कॉम्प्युटरवर पाहिला होता आणि त्या रात्री बाथरूमला जाताना आठही जण एकदम गेलो होतो. म्हटलं आज पौर्णिमाच आहे, वर खरा चंद्र, गार वारा, हातात दूध, याहून चांगला योग कुठला. माझं हे गणित अजूनही चुकलेलं नाही, प्रेक्षक चुकले.

आता माझी एक चूक मान्य करतो, म्हणजे ती चूक नव्हती, रिमोटचे सेल होते. या पिक्चरमध्ये एका सार्जंटचं पोट फाटतं, आतडी बाहेर येतात आणि बाकीचे ती आत ढकलून आपल्या फेविक्विकसारख्या गोंदाने पोट चिकटवतात. पोरंबाळं बसलेली, म्हणून मी रिमोट हातात धरूनच बसलो होतो की तेवढं पुढे ढकलायचं. ऐन वेळी रिमोट चालेना. आणि त्याच मिनिटाला महिला मंडळाने भडंगाच्या डिश फिरवायला घेतल्या. गच्चीवर जी शांतता पसरली ती शांतता मी विसरणार नाही. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "साहेब, लोक खायलेत."

तिथून जे सुरू झालं. शिव्यांबद्दल कुणी बोललं नाही कारण त्या असल्या उच्चारात होत्या की मलाच निम्म्या कळत नव्हत्या, बाकी कशालाही सोडलं नाही. अंधार फार आहे, लाईटबिल वाचवलंय काय. सगळे एकाच कपड्यात, कोण मेलं कोण राहिलं कळेना. अहो सैनिक आहेत ते, एकाच कपड्यात असणारच, लग्नाला आलेत का. खालच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "काका, व्हीएफएक्स नाहीये का?" नाहीये बाबा. लांडग्यासाठी एक पण कॉम्प्युटर वापरलेला नाही, सगळी सूट घातलेली माणसं आहेत, हे मी अभिमानाने सांगितलं. अभिमानाने सांगायची ही वेळ नव्हती. बँकेतून रिटायर झालेल्या एकांनी विचारलं की लांडगा मरतो कशाने, मी म्हटलं चांदीने, तर म्हणाले चांदी किलोला लाखाच्या वर गेली, त्यापेक्षा त्याला मेंबर करून घ्या. हशा. पिक्चरमधल्या त्या बिचाऱ्यांकडे पण चांदीच्या गोळ्या नसतातच, शेवटी पत्र फोडायचा चांदीचा चाकू लागतो हाताला, पण तिथपर्यंत कुणाला थांबायचं होतं.

आणि मग पहिला लांडगा नीट दिसला, आणि मागच्या खुर्चीतून आवाज आला.

"आत माणूस हाय."

हे आमचे ड्रेपरीवाले काका. गावभागात त्यांचं जुनं दुकान, नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगना कपडे भाड्याने देतात. राजे, मावळे, राक्षस, परी, गाजर, सगळं. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीता स्वयंवर' केलं, हे काका अशा थाटात सांगतात की वाटावं त्या प्रयोगाचं डिपॉझिट अजून यांच्याकडेच आहे. एरवी माणूस मितभाषी. मीटिंगला येतात, सही करतात, झोपतात. त्या रात्री डोक्याला कानटोपी, हातात दुधाचा ग्लास, आणि डोळ्यांत मी आजवर न बघितलेली चमक.

"काका, आत माणूस असणारच की."

"तसं न्हाई. माणूस हाय खरं भाड्याचा न्हाई. कापड अंगावर बेतून शिवलंय. जरा मागं घ्या बघू."

मागं घेतलं. रिमोट चालत नव्हता म्हणून उठून, लॅपटॉपपाशी जाऊन, वाकून मागं घेतलं.

"थांबवा. हां. मान दिसती का तुम्हाला? न्हाई दिसत. मान दाखवत न्हाईत म्हंजे जोड तिथं हाय. डोकं वेगळं, अंग वेगळं. आमच्या अस्वलाला पण तिथंच उघडं पडतंय, म्हणून आम्ही त्याला मफलर घालतो."

"लांडग्याला मफलर?" कुणीतरी.

"अस्वलाला. लांडगा न्हाई आपल्याकडं. तीस वर्षांत कुणी मागितला न्हाई. वाघ जातो, सिंह जातो, ससा तर डिसेंबरात मिळतच न्हाई. चालू करा."

चालू केलं. दोन मिनिटं झाली नाहीत तर परत. "गुडघा बघा, गुडघा. उलटा मोडतोय." इथे मला वाटलं आता आपली पाळी, म्हणून मी सांगितलं की काका, ते लांडगे उंच दिसावेत म्हणून आतल्या कलाकारांना काठ्यांवर उभं केलं होतं, आणि तोल जाऊ नये, चाल डौलदार वाटावी म्हणून आत डान्सर घेतले होते. काकांनी ग्लास खाली ठेवला. मोठा श्वास घेतला. सगळ्या गच्चीला उद्देशून म्हणाले, "म्हणूनच म्हटलं, हे चावायला चाललंय का लावणीला चाललंय!"

त्यानंतर पिक्चर संपला, म्हणजे चालू होता पण संपला. लोकांनी खुर्च्या चक्क काकांकडे वळवल्या. लांडगा दाराच्या फळीतून हात घालतोय, सैनिक जिवाच्या आकांताने ओरडतायत, आणि इकडे काका: रक्त लागलंय, ते धुणार कोण, रक्ताचा डाग फरवरनं जात न्हाई, इथं डिपॉझिट जप्त. तोंड उघडतंय खरं जीभ हलेना. नाकपुडीतनं बघतोय बघा तो माणूस, डोळे वर शोभेचे आहेत, आमचा सिंह पण तोंडातनंच बघतोय, म्हणून मागच्या गॅदरिंगला स्टेजवरनं पडला. पोरं गडाबडा लोळत होती. आणि मग काका पुरावा दाखवायला थेट उठलेच. चादरीसमोर जाऊन उभे राहिले. इतक्या उत्कंठेचा प्रसंग, घराला चारी बाजूंनी वेढा पडलेला, आणि पडद्यावर काय तर कानटोपी घातलेली एक प्रचंड सावली लांडग्याच्या काखेत बोट घालून उभी. "काखेत बघा! काखेत शिवण उसवलीय!" लांडग्याच्या तोंडावर आमच्या चादरीचा गुलाब.

मी पण हसलो. खोटं कशाला बोलू. पण हसता हसता पोटात कुठंतरी दुखलं, ते भडंगाने नव्हे.

म्हणजे बघा, त्या नील मार्शलकडे पैसे नव्हते म्हणून त्याने लांडगा अंधारात ठेवला, आडोशाने दाखवला, धुरात दाखवला, माणसाचा लांडगा होताना दाखवायचं तर कॅमेराच बाजूला वळवला. कारण ते काम 1981 मध्ये रिक बेकर नावाच्या मेकअपवाल्याने 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये असं काही करून ठेवलंय, भक्क उजेडात, हाडं लांबतायत, पाठीवर केस फुटतायत, की मेकअपचं पहिलं नियमित ऑस्कर त्यालाच मिळालं. त्याच्याशी कोण टक्कर घेणार. त्याच्याही आधी 1941 च्या 'वुल्फ मॅन'ला याकचे केस एकेक करून चिकटवले होते. (हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "स्पिरिट गमनं? काढताना कातडं निघतंय हो.") आणि गंमत ऐका, त्या 1941 च्या पिक्चरसाठी कर्ट सिओडमॅकने एक चार ओळींचं कवन रचलं, लोकांना वाटतं ते कुठलं तरी प्राचीन लोकगीत आहे, तर त्या कवनात माणसाचा लांडगा कधी होतो, तर शरदातला चंद्र लख्ख असतो तेव्हा. शरदातला! म्हणजे कोजागिरीच झाली की नाही? हा मुद्दा मी खास तयार करून आणला होता, दूध वाटपाच्या वेळी सांगणार होतो. दूध वाटपाच्या वेळी काकांच्या भोवती एवढी गर्दी होती की मला पातेल्याच्या तळाची करपट लागलेली खरवड मिळाली आणि मुद्दा तसाच राहिला, म्हणून इथे लिहिला.

आणि हीच मंडळी दोनशे-अडीचशे कोटींचा हिंदी पिक्चर बघून येतात, त्यात हिरो हवेत बारा गाड्या उडवतो, तेव्हा कुणी काख बघत नाही. तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग मिळून दोन हजार घालवून आलेला माणूस कधी वाईट होता म्हणत नाही, म्हणाला तर आपणच मूर्ख ठरू. फुकट दाखवलं की प्रत्येकात एक परीक्षक जागा होतो. गणपतीच्या डेकोरेशनचं तेच, वर्गणी पन्नास आणि सूचना पाचशेच्या. प्रोजेक्टर चौथ्या मजल्यावर चढवताना यातला एक नव्हता. उतरवताना पण नव्हता. चादर सोडताना एका कोपऱ्याला फाटली ती वेगळीच.

एकच मत मला मनापासून पटलं, शिंदेंच्या आजींचं. आजी मूळच्या आटपाडीकडच्या, माहेरी मेंढरं. त्या पूर्ण वेळ भिंतीला टेकून, एक शब्द न बोलता बघत होत्या. शेवटी सुनेने विचारलं, भीती वाटली का हो आई. आजी म्हणाल्या, "लांडगा असा बोंबलत येतोय व्हय? आमच्या वाड्यावर आला की कुत्र्याला पत्ता लागायचा न्हाई. सकाळी मोजायला घेतली की एक कमी." बास. एवढं बोलून पदर डोक्यावर घेऊन खाली गेल्या. माझ्या अंगावर काटा आला. खरा लांडगा वीसेक किलोचा, माणूस दिसला की पळणारा, माळावर आता शोधूनसुद्धा सापडत नाही, आणि त्या 'एक कमी'त जी भीती होती ती स्कॉटलंड, लक्झेंबर्ग कुठंच नव्हती. पण आजींनी निदान गप्प बसून पूर्ण बघितला की हो. ठरावावर त्यांची सही नाही, मी तपासलं.

काल सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात ड्रेपरीवाले काका, कानटोपीशिवाय, त्यामुळे आधी ओळखलंच नाही. म्हणाले, "ते पिक्चर परत लावता काय? फक्त पाय बघायचेत." मला वाटलं अजून चेष्टा शिल्लक आहे. पण काका गंभीर होते. सोसायटीतल्या पोरांनी शाळेत जाऊन सांगितलं, आता दोन शाळांनी गॅदरिंगला लांडगा मागितलाय. एकीला 'लांडगा आला रे आला' करायचंय, दुसरीला नुसताच लांडगा पाहिजे, बाकीचं नंतर ठरवू म्हणाल्यात. आम्ही लॅपटॉपवर पाऊण तास नुसते पाय बघितले. काकांनी वहीत आकृती काढली. पाऊण तासात एकदाही हसले नाहीत, एकदा तर "शाब्बास" म्हणाले, कुणाला ते कळलं नाही.

मग मला दुकानात घेऊन गेले. डांबर गोळ्यांचा वास, वर माळ्यावर गदा आणि मुकुट, खुंटीला मफलरसकट अस्वल लटकलेलं, चेन अडकलेली, पोटावरची फर लाखो पोरांनी मिठ्या मारून गुळगुळीत केलेली. काकांनी गळ्यातली टेप काढली. "हात वर करा. तुमची उंची बरोबर हाय. फुगलाय जरा मधे, खरं लांडग्याला चालतंय."

मी हात वर करून उभा. काका काखेचं माप घेतायत. तेवढ्यात दुकानासमोरून स्कूटरवर आमचे सेक्रेटरी चालले होते, ते थांबले, आत वाकून बघितलं आणि फोटो काढला.

"सेक्रेटरी," मी तसाच हात वर ठेवून ओरडलो, "प्रोजेक्टरचे बाराशे राहिलेत!"

"हलू नका हो," काका म्हणाले, "शिवण तिरकी जाईल."