गॅबन हरला, एवढंच पुरेसं नाही

गॅबन आणि इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकी देशांमधल्या म्बानिये बेटाच्या खटल्याबद्दल लेखात ‘गॅबन हरला’ एवढंच आलंय, ते अपुरं वाटतं. १९७२ मध्ये गॅबनच्या सैन्याने हे जेमतेम ३० हेक्टरचं बेट ताब्यात घेतलं. भोवतालच्या समुद्रात तेल असेल या आशेने भांडण आणखी चिघळलं. तरी २०१६ मध्ये दोन्ही देशांनी मिळून वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचं ठरवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. बेट आपलं असल्याचा आधार म्हणून गॅबनने पुढे केलेल्या १९७४ च्या बाटा कराराची मूळ प्रत गॅबनकडे नव्हती, नुसत्या छायाप्रती! १९ मे २०२५ ला न्यायालयाने १९६८ मध्ये स्वातंत्र्यासोबत स्पेनकडून इक्वेटोरियल गिनीकडे आलेला बेटावरचा हक्कच मान्य केला. सागरी सीमा मात्र अजून आखायचीच आहे. ती बोलणी आता लांबवू नयेत.